कापूर, ओवा आणि वरून गेलेलं विमान

प्रत्येक माणसाच्या आयुष्यात एक क्षण असा येतो, जेव्हा विज्ञान नम्रपणे मान खाली घालतं. माझ्या आयुष्यात तो मागच्या मार्चमध्ये, भर दुपारी, नाशिकच्या आकाशात आला. विज्ञानाच्या बाजूने तिथे मी हजर होतो आणि मान खाली घातली होती ती कागदी पिशवीत.

या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय. पांढरी साडी, घाटातलं वळण, लिफ्ट मागणारी बाई... वाचताना मला भलतेच प्रश्न पडतात. ड्रायव्हर किती तास जागा होता? हेडलाइटच्या पिवळ्या उजेडात साडी पांढरीच आहे हे कसं ठरवलं? थोडक्यात, मी या सदराला नको असलेला वाचक. अमानवीय वगैरे गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर आजही बसलेला नाही. तरी लिहितोय, कारण माझ्याकडे एक अनुभव आहे आणि तो ठेवायला दुसरीकडे कुठे जागा नाही.

आधी माझं काम सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी हवेचा अभ्यास करतो. एका छोट्या, दोन इंजिनांच्या विमानात यंत्रं बसवलेली असतात. विमानाच्या पुढच्या अंगाला एक धातूची नळी बाहेर काढलेली असते, तिला आम्ही 'नाक' म्हणतो. नाकातून बाहेरची हवा आत येते आणि यंत्रं तिच्यात काय काय आहे ते सांगतात — शेतातल्या युरियाचा अमोनिया, गाड्यांचा धूर, झाडं स्वतःहून सोडतात ते वायू. प्रमाण इतकं कमी की अब्ज कणांत एखादा सापडला तरी आम्ही खूश.

त्या मोसमात आम्ही ओझरच्या विमानतळावरून उडायचो. निफाडच्या द्राक्षबागांवरून आणि उसावरून एक फेरी, मग शहराच्या कडेने त्र्यंबकच्या डोंगरांपर्यंत, आणि परत. दुपारी जमीन तापली की हवा खालीवर ढवळली जाते. ती खालचे वायू किती उंच नेते, हे आम्हाला मोजायचं होतं. प्रवासी विमानं ज्या धक्क्यांना टाळून जातात, ते आम्ही शोधत जातो. संस्थेचं हे धोरण माझ्या पोटाला कधीच मान्य नव्हतं.

नाक फार नाजूक. म्हणून आमच्या मोहिमेच्या प्रमुख मॅडमनी उड्डाणाच्या दिवशी सगळ्या वासांवर बंदी घातली होती. अत्तर नाही, सुगंधी तेल नाही, बाम नाही. एकाने डब्यात केळं आणलं, ते मॅडमनी गेटवरच्या जवानाला देऊन टाकलं. त्याने ते त्यांच्यासमोरच खाल्लं, शिस्तीत.

आणि मग मोहिमेचं उद्घाटन झालं. प्रमुख पाहुणे दीड तास उशिरा आले. शाल झाली, श्रीफळ झालं. विमानाची यथासांग पूजा झाली, अगरबत्त्यांचा अख्खा पुडा लागला, आणि झेंडूचा हार कुठे घालावा या विचारात पाहुण्यांनी सगळ्यात सोयीची खुंटी निवडली — नाक! मॅडम दात आवळून हसत होत्या. आपल्या पूर्वजांना हे सगळं आधीच ठाऊक होतं, असं पाहुणे भाषणात म्हणाले. मग आम्ही मोजायला कशाला आलो, ते त्यांनी सांगितलं नाही. पहिल्या दिवशीच्या मोजणीनुसार नाशिकचं वातावरण प्रामुख्याने झेंडू आणि अगरबत्तीचं बनलेलं आहे.

आता आई.

मी वर अब्जातला एक कण हुंगत फिरत होतो आणि खाली, मखमलाबादच्या पुढे, माझ्या आईला फोडणी जळलेली कळत नव्हती. तीन वर्षांपूर्वी तिला ताप आला, तो गेला आणि जाताना वास घेऊन गेला. आई गुलछडी करते. शहरातले लोक निशिगंध म्हणतात तीच. वीसेक गुंठे. संध्याकाळी वास उठला की बांधावर जाऊन बसायची, एवढीच तिची चैन. तापानंतर डॉक्टरांनी व्यायाम दिला होता — लवंग, लिंबू, निलगिरी, गुलाब, रोज सकाळ-संध्याकाळ हुंगायचं. तिने नेमाने केलं. म्हणाली, "लवंगेला नाक लावून लावून लवंगेचाच वास उडाला असंल आता."

मोहीम चालू असताना मी एका संध्याकाळी घरी गेलो. आईने चहा ठेवला आणि सहज सांगितल्यासारखं म्हणाली, "उद्या ट्रॅक्टर येतोय. गुलछडी काढून टाकते. घास लावते तिथं, शेजारच्या गोठ्याला जाईल."

"का? भाव पडला?"

"भाव बरा हाय."

"मग?"

"रोज कळ्या खुडते, टोपलीत भरते. कागदाची फुलं खुडल्यासारखं वाटतं. कागदाला पाणी कोण देतं रे?"

"आई, अजून थोडं थांब. असा गेलेला वास परत येतो कधीकधी."

"तीन वर्षं थांबले. तू शास्त्रज्ञ ना? मंग तारीख सांग."

"आम्ही तारीख नाही सांगत. शक्यता सांगतो."

"मंग तुझ्या शक्यतेला सांग, उद्या दुपारच्या आत ये म्हणावं. दुपारी ट्रॅक्टर हाय."

मी चहाचा घोट घेतला. साखर विसरली होती. तसाच संपवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्र्यंबकच्या डोंगरांजवळ हवेने आम्हाला चांगलंच घुसळलं. परतताना मखमलाबादची बाजू आली. आम्ही जमिनीपासून साधारण सातशे मीटरवर होतो. खिडकीतून आमचं शेत ओळखू आलं. हिरव्या चौकोनात लाल ट्रॅक्टर उभा होता आणि चौकोनाची एक कड मातकट झाली होती. सुरुवात झाली होती. मी बघत असतानाच विमान एकदम खाली बसलं, परत उसळलं, आणि मी कागदी पिशवी उघडली.

पुढचं मी मान खाली घालूनच अनुभवलं. माझ्या स्वतःच्या वासाच्या पलीकडून दुसरा एक वास आला. कापूर. आणि ओवा.

मान वर केली तर पुढच्या सीटवर मॅडम! डोळे गच्च मिटलेले, आणि नाकाशी रुमालाची पुरचुंडी. त्याच मॅडम. केळंवाल्या. त्याच वेळी यंत्राच्या पडद्यावरची एक रेघ सरळ वर चढली. धक्क्याने नळीचा केबिनमधला सांधा सैल झाला होता आणि यंत्र बाहेरची हवा सोडून आमचीच हवा हुंगत होतं. यंत्राने मॅडमना रंगेहाथ पकडलं होतं.

मॅडमनी डोळे उघडले. पडदा पाहिला, मग मला पाहिलं.

"सांधा सैल झालाय. घट्ट करा," त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "मला लहानपणी एसटीसुद्धा लागायची. हे कुठे बोलायचं नाही."

बोलण्याच्या स्थितीत मी नव्हतोच.

ओझरला उतरलो, धावपट्टीच्या कडेला फोन सुरू केला, तर आईचे चार मिस्ड कॉल. आई दुपारी कधी फोन करत नाही. ट्रॅक्टर, शेत, तिचं वय... नको ते सगळं एका सेकंदात डोक्यात येऊन गेलं. मी लावला.

"आई, काय झालं?"

"मला काय होतंय? मघाशी इमान गेलं ते तुझंच ना? पांढरं?"

"हो."

"मंग तुला काय झालं व्हतं वर?"

"काही नाही गं. थोडे धक्के बसले."

"ओकलास ना?"

मी हातातली कागदी पिशवी पाठीमागे लपवली.

"आन् कापूर-ओवा कोणी दिला तुला?"

मी फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे बघितलं. मॅडम शेजारीच हेल्मेट... नाही, हेडफोन हातात घेऊन उभ्या होत्या. इतक्या दिवसांनीही तो प्रसंग आठवला की माझे शब्द असे घसरतात.

"कोण आहे?" मॅडमनी विचारलं.

"आई."

"काय म्हणतायत?"

"विचारतेय, कापूर-ओवा कोणाचा."

मॅडमचा चेहरा मी तसा कधीच पाहिला नव्हता. "तुम्ही सांगितलंत त्यांना?"

"मॅडम, फोन आत्ता सुरू केलाय. तुमच्यासमोर."

संध्याकाळी घरी पोचलो. शेजारच्या सुमनकाकू तिथेच होत्या. त्या दुपारी शेतात होत्या, म्हणून मी त्यांना वेगळं बसवून विचारलं. साक्षीदार वेगळे ठेवावेत एवढं मला कळतं.

"इमान आलं, घरघर झाली," काकू सांगू लागल्या. "तुझी माय वर बघाय लागली. आन् एकदम वरडली, बंद कर रे ट्रॅक्टर! मला वाटलं पाय-बिय सापडला. ट्रॅक्टरवाला बी घाबरला. आन् ही उभी डोळे मिटून. हुंगतेय! म्हणली, सुमन, कापूर. मी म्हणलं, कुठंय? म्हणली, ओवा बी हाय. मंग तोंड वाकडं केलं आन् म्हणली, कोणीतरी ओकलंय."

"तुम्हाला आला वास?"

"मला डिझेलचा आला. ट्रॅक्टरजवळ उभी होते मी."

ट्रॅक्टरवाल्याला आईने परत पाठवलं होतं. तीन सऱ्या गेल्या होत्या, बाकी गुलछडी उभी होती.

त्यानंतर मी जे केलं ते प्रत्येक अविश्वासी माणूस करतो. हिशेब मांडला. सातशे मीटरवरून वास जमिनीवर माणसाला कळायचा, तर मॅडमना पुरचुंडीऐवजी कापराचं पोतं फोडावं लागलं असतं. शिवाय वारा पश्चिमेचा होता आणि तोवर आम्ही शेताच्या पूर्वेला गेलो होतो. वास गेलाच असता तर शेताच्या उलट दिशेला. जवळच्या देवळात चौकशी केली. तिथे दुपारी आरती नसते, आणि असते तेव्हा विजेचा दिवा. घरात ओवा होता का पाहिलं. डबा होता, त्यात बटणं होती. वास येईना तेव्हापासून आईने ओवा आणलाच नव्हता. ट्रॅक्टरवाल्याला विचारलं, बाबा रे, तू ओकला होतास का? तो अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनाही भेटलो. ते म्हणाले, "वास परत येताना आधी भलतेसलते भास होतात. कापराचा होऊ शकतो."

"ओव्याचा?"

"तोही."

"आणि ओकारीचा? तिन्ही एकदम? मी वर असताना?"

डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

योगायोग असतो, हे मला मान्य आहे. माझं अर्धं काम योगायोग गाळून टाकण्याचंच आहे. हा गाळला जात नाही, एवढंच.

मॅडमनी आईला भेटायचंय म्हटलं. आल्या, ओसरीवर बसल्या, आणि काही न बोलता पर्समधून पुरचुंडी काढून पुढे केली. आईने ती नाकाशी धरली. "हाच," म्हणाली. मग मॅडमकडे पाहून, "ओवा थोडा भाजून घेत जा बाई. कच्चा हाय."

मॅडम गाडीत बसताना "योगायोग," म्हणाल्या. चष्मा पुसायला मात्र त्यांना बराच वेळ लागला. हे लिहायची परवानगी त्यांनीच दिली. "माझं नाव नको," म्हणाल्या, "पुरचुंडी लिहा." त्यानंतरच्या उड्डाणांत पुरचुंडी काचेच्या बंद बरणीत घालून उघडपणे नेली जायची. केळ्यावरची बंदी कायम राहिली.

आईचा वास एकदम नाही परतला. आधी रॉकेल आलं. मग लसूण. मग माझे मोजे, त्याबद्दल तिने शेजाऱ्यांसमोर आनंद व्यक्त केला. फोडणी जळायची थांबली. चहात साखर येऊ लागली, आधी जास्त, मग बेताची. फुलं सगळ्यात शेवटी आली. मेमधल्या एका संध्याकाळी मी घरी होतो, तिने बांधावरून हाक मारली. मी गेलो तर ती टोपली उलटी घालून तिच्यावर बसली होती.

"आला?" मी विचारलं.

"थोडा हाय," ती म्हणाली. "लांबून कोणी हाक मारावी ना, तेवढा."

मी शेजारी बसलो. मला गुलछडीचा वास नेहमीसारखाच येत होता, भरपूर. पण तिला येत होता तेवढाच मोजायचं यंत्र आपल्याकडे असावं असं मला त्या दिवशी वाटलं. आमच्या विमानात तसलं काही नाही.

स्पष्टीकरण माझ्याकडे अजून नाही. त्या काही मिनिटांची मोजणी आम्ही बाद केली, केबिनची हवा मिसळली म्हणून. आईने तिच्याकडची बाद केली नाही. जिथून ट्रॅक्टर परत फिरला त्या तीन सऱ्या तिने तशाच राखून ठेवल्या आणि पावसाळा सरल्यावर, झाल्या गोष्टीची आठवण म्हणून, नारळ फोडून, हळदकुंकू वाहून तिथे ओवा पेरला.

उगवला नाही.