मर्लच्या बाँडची नक्कल

व्हर्ना ह्लाद्कीनं नेब्रास्कातल्या आपल्या सबंध काउंटीत कुंपणं घातली; पण नवरा गेल्यावर पहिलं काम दिलं ते कंत्राटदार मर्ल स्टूकलनं, हे ती विसरली नाही. म्हणून सरकारी शाळा बांधता बांधता मर्ल बुडाला आणि तिथल्या कुंपणाचे तिचे पैसे अडकले, तरी तिनं त्याच्या दारात बोंब मारली नाही. मात्र हप्ते थकले म्हणून तिचा ट्रक ओढून न्यायची बँकेची नोटीस आली, तशी पक्कड घेऊन ती शाळेवर धडकली. आपली जाळी आपण सोडून न्यायची!

शाळेच्या ऑफिसातली रोझेला धावत आली. "ए भवाने, ठेव ती पक्कड! सरकारी मालमत्ता ती. शेरीफ तुलाच उचलंल."

"मग ट्रक गेल्यावर माल काय डोक्यावर वाहू?"

"अगं, सरकारी कामाला कंत्राटदाराचा बाँड असतोय. त्यानं थकवलं तर हमीवाली कंपनी देती. काम केलंय, पैसं मिळालं न्हाईत, असं शपथेवर लिहून दे. लगेच बाँडची नक्कल काढून देते, ती जोडून कंपनीकडं दावा लाव."

व्हर्नानं पक्कड खिशात घातली. नक्कल मागायची म्हणजे मर्लला चारचौघांत बुडव्या म्हणायचं. वर कंपनी दिलेला पैसा मर्लचं घर विकायला लावून वसूल करणार, हे शेंबडं पोरही सांगेल. ट्रक राखावा तर उपकारकर्त्याचं छप्पर जातं.

शेवटी ती त्याच्याच परसात जाऊन उभी राहिली. "मर्ल, बाँडची नक्कल मागू का?"

"अजून मागितली न्हाईस?" मर्ल खेकसला. "म्या बाँडवर सही काय भिंतीवर टांगाया केली व्हती?"

"तुमचं घर जाईल."

"जाऊ दे. गणित माझं चुकलं. माझ्या चुकीपायी तुझा ट्रक गेला, तर चर्चमधी कुठल्या तोंडानं बसू? जा, दाव्याची मुदत टळंल!"

व्हर्नानं शपथपत्र दिलं, नक्कल घेतली, कंपनीकडे दावा लावला. बँकेला थोपवता थोपवता घाम फुटला, पण पैसे आले.

पानगळीत कंपनीची भरपाई करायला मर्लचं घर विकलं गेलं. सामान न्यायला व्हर्ना ट्रक घेऊन हजर. जड लोखंडी शेगडी ट्रकवर चढवताना ती म्हणाली, "पाठ सांभाळा, म्हातारं झालात."

"तू तुझं टोक धर."

ट्रक रस्त्याला लागला. आभार कसे मानतात, ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. शेवटी म्हणाली, "मर्ल, पैसं सगळं मिळालं. पै न पै."

"मिळायलाच पायजेत," मर्ल खिडकीबाहेर बघत म्हणाला. "सही माझी हाय."