हळदीच्या आदल्या दिवशी

१२ मे. कपाट आवरताना केसांचा जुना ड्रायर लावून पाहिला आणि जळक्या धुळीचा वास आला; त्या वासानं पुतणीच्या हळदीचा आदला दिवस आठवला. तेव्हा नवऱ्याला जाऊन वर्ष झालं होतं, आणि पुतणीची हळद फुलंब्रीला दुसऱ्या दिवशीच होती. चिकलठाण्याच्या घरी मी आरशासमोर ओल्या केसांची एकेक बट गोल ब्रशवर ताणून वाळवत होते. धाकटी जाऊ, म्हणजे नवरीची आई, दारातूनच म्हणाली, "ताई, आता कुणासाठी हे? अंबाडा घाला. अन् उद्या हळदीला मागंच बसा, लोकं नावं ठेवतील." मी म्हटलं, "ठेवू दे. तू मागची बट धर, माझा हात पोचत नाय." तिनं तोंड वाकडं करून धरली. लोकं अजून नावं ठेवतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी केस मोकळे सोडून सगळ्या सवाष्णींच्या आधी पुढं गेले आणि पुतणीच्या दोन्ही गालांना हळद लावली.