पाणचक्कीच्या इतिहासाची चार पानं

मी सगळ्यांत जास्त ऋणी आहे तो बदलापूरच्या शाळेतल्या माझ्या इतिहासाच्या सरांचा. बारवी धरणाच्या खालच्या आमच्या पाड्यातून त्यांनी मला अंबरनाथ पूर्वेला स्वतःच्या घरी आणून ठेवलं. त्यांच्या बाहेरच्या खोलीत अभ्यास करून मी बी.ए. झालो. तोवर आमच्या घरात दहावीही कुणी झालं नव्हतं.

निकाल लागला तेव्हा सर म्हणाले, "आता तुझ्या काकांच्या पाणचक्कीचा इतिहास लिही."

चक्की ओढ्याकाठी होती. वरच्या शेतातून आलेल्या पाटाचं पाणी लाकडी चाकावर पडे आणि दगड फिरे. पावसाळ्यापासून होळीपर्यंत चार पाड्यांची नाचणी आणि तांदूळ तिथंच दळले जात. बदलापुरातल्या विजेच्या गिरणीतलं पीठ हाताला चटका देई; आमचं गार असे. दगड गुळगुळीत झाला की काका तो उलटून छिन्नीने पुन्हा खाचा पाडत. मी प्रश्न तेव्हाच विचारी, कारण त्यांना उठून जाता येत नसे.

"पाट दुसऱ्याच्या शेतातून येतो. त्याचा कागद कुठंय?"

"कागद कसला रं? वरच्या मालकानं माज्या बापाला पाटात हुबं राहून बोली दिली. वंजळीत पानी घेऊन म्हनला, चक्की हाय तवर पानी तुजं." मग छिन्नी थांबवून म्हणाले, "ह्ये लिवू नको."

काकू पीठ चाळत होती. "लिवू दे की! तुमी नाय तर तुमचा बाप तरी कागदावर येल."

मी सरांना विचारलं. ते म्हणाले, "सगळं लिही. गाळलंस तर तो इतिहास कसला?"

मी चार पानं लिहिली. पाटाला लेखी हक्क नाही, हे दुसऱ्या पानावर आलं. तिसऱ्यावर ओंजळीतल्या पाण्याची बोली आली आणि ती कानांनी ऐकलेल्या दोन म्हाताऱ्यांनी मला जे सांगितलं तेही. नक्कल ठेवायचं सुचलं नाही. सरांनी पानं ठेवून घेतली. वाचून ते "शाब्बास" म्हणाले. त्या एका शब्दावर मी कित्येक दिवस तरंगत होतो.

पुढच्या तीन-चार वर्षांत ते दोन म्हातारे गेले. मुंबईत राहणारे वरचे मालकही गेले. उल्हासनगरचे प्लॉटवाले मोटरसायकलवरून शेतं बघत फिरू लागले. आणि एका दुपारी काकांकडे वकिलाची नोटीस आली. वाचायला अर्थात मलाच बोलावलं.

शेत विकायचं आहे, पंधरा दिवसांत पाट बुजवला जाईल, असं त्यात होतं. पाटाला हक्क नसल्याचा पुरावा म्हणून चक्कीवाल्याच्या पुतण्यानेच लिहिलेलं एक पान जोडलं होतं. अक्षर माझं. पान दुसरं. तिसरं नव्हतं.

विकणाऱ्याचं नाव सरांचं होतं. वरचे मालक त्यांच्या आईचे वडील, असं नोटिशीतच लिहिलं होतं. पाच वर्षं मी त्यांच्या घरी जेवलो, पण हे त्यांनी मला कधीच सांगितलं नव्हतं.

"थांबलास का? वाच की," काका म्हणाले.

मी माझंच वाक्य त्यांना वाचून दाखवलं.

"अक्षर ब्येस हाय हो," काकू म्हणाली. "लांबून वळकतं."

काकांनी एवढंच विचारलं, "म्हंजे औंदाची नाचनी नाय दळायची?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरांना पत्र टाकलं.

"आदरणीय सर,

नमस्कार करून लिहितो. तुमच्या घरी राहून मी शिकलो, हे कुणी विचारलं तर आजही तसंच सांगेन. शेत तुमचं आहे, ते तुम्ही विकू शकता. पण ते तुमचं आहे हे मला माहीत असतं, तर मी काकांचं ऐकलं असतं.

तुम्ही माझ्याकडून चार पानं घेतलीत आणि नोटिशीला एकच जोडलंत. बोली ऐकणारे दोघेही आता नाहीत. त्यांनी काय सांगितलं ते फक्त तिसऱ्या पानावर आहे, आणि ते पान तुमच्याकडे आहे. मुदत पंधरा दिवसांची आहे.

मी रविवारी अंबरनाथला येतो. ते पान मला परत द्या. फाडलं असेल तर तसं तोंडावर सांगा, म्हणजे काकांना काय सांगायचं ते मला कळेल. मला घरात या म्हणू नका. मी जिन्यातच उभा राहीन.

तुमचा विद्यार्थी"