अण्णांचा कोरडा डबा

मंडळी, आमच्या पोलादपूरच्या जुन्या जीपचं इंजिन ऑइल गळायचं. याच जीपमधून अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, उमरठपर्यंत कितीतरी वऱ्हाडं नेली. त्यांची नजर कमी झाल्यापासून गाडी मी चालवतो. पण रोज सकाळी गाडीखालचा डबा काढून, गळालं तेवढं ऑइल वर भरायचं काम त्यांचंच.

काल गाडी महाडला नेऊन, गळती थांबावी म्हणून इंजिनचं गॅस्केट बदलून आणलं. म्हटलं, खूश होतील.

आज सकाळी त्यांनी डबा ओढला, आत बोट फिरवलं. कोरडा. मग म्हणाले, "बरं केलंस रे. आता मला काय काम नाय."

उद्या ते उठायच्या आत डब्यात थोडं ऑइल ओतून ठेवू का? तुम्ही काय केलं असतंत?