पतंगवाला वकील

परदेशात, ओटाहुहूच्या त्या घरात मी भाड्याने राहायचो तेव्हा माझ्यावर कुणाचाच विश्वास नव्हता, आणि चूक त्यांची नव्हती. बार्शीच्या शाळेत हेडमास्तरांचा आवाज काढून मी अख्ख्या वर्गाला सुट्टी दिली होती. इथेही पेनरोजच्या गोडाऊनमधून घरी आलो की सुपरवायझर, ट्रेनची अनाउन्समेंट, घरमालक, सगळ्यांच्या नकला. घरमालक साताऱ्याचे, आयटीतले. त्यांचे वडील सहा महिन्यांसाठी आले होते, रिटायर्ड इतिहासाचे मास्तर. त्यांची नक्कल मी एकदाच केली आणि नेमके ते मागे उभे.

तेव्हापासून फ्रीजमधलं दूध संपलं तरी आजोबा आधी माझ्याकडे बघायचे.

नात दहा वर्षांची. ‘जेव, झोप, जँडल्स (म्हणजे इथल्या चपला) बाहेर काढ’ एवढं मराठी कळायचं, उत्तर इंग्रजीत. तिला वर्गात एका मोठ्या माणसावर बोलायचं होतं. आजोबांनी लगेच आपला आवडता काढला. अमेरिका देश उभा करणाऱ्यांतला एक, वादळात पतंग उडवून वीज पकडायला निघालेला. घरात त्याचं नावच पतंगवाला पडलं. त्या निमित्ताने नात पहिल्यांदा खुर्ची ओढून आजोबांशेजारी बसली. त्यांना परत जायला दोन आठवडे उरले होते. ती उठू नये म्हणून ते स्वतःचा चहासुद्धा आणायला उठत नव्हते. भाषांतराला मी.

“भावाच्या छापखान्यात कामाला होता,” आजोबा म्हणाले. “भाऊ आपलं लिखाण छापणार नाही हे त्याला ठाऊक. मग हा विधवा बाई झाला! बाईच्या नावाने पत्रं लिहायची आणि दाराखालून सरकवायची. भावाने छापली. नकल्या होता, ह्याच्यासारखा.”

“आजोबा, फेकताय.”

“तू फक्त सांग तिला. पदरचं घालू नकोस.”

नातीने आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघितलं. “आर यू गाइज मेकिंग धिस अप?”

पुढे तो भावाशी भांडून पळाला, स्वतःचा छापखाना काढला, वर्तमानपत्र चालवलं, आणि स्वातंत्र्याची लढाई पेटल्यावर म्हातारपणी मदत मागायला गेला. “फ्रान्सच्या दरबारी अमेरिकेचा वकील!” आजोबा म्हणाले. मी भराभर सांगितलं, लॉयर इन फ्रान्स. “स्वीट ॲज,” म्हणजे ‘मस्तच’, असं म्हणत तिने लिहून घेतलं.

दोन दिवसांनी वही परत आली. ‘लॉयर’भोवती हिरवा गोल. तो लॉयर कधीच नव्हता, मग हे तुला कुणी सांगितलं, असं वर्गाच्या बाईंनी विचारलं होतं.

“आय सेड माय ग्रँडफादर.” तिने वही मिटली. “आय’ल जस्ट गूगल इट.” खुर्ची परत टेबलाखाली गेली.

आजोबा वहीकडे बघतसुद्धा नव्हते, माझ्याकडे बघत होते. “मुद्दाम केलंस.”

“नाही हो! वकील म्हणजे लॉयरच ना?”

“माझी नक्कल करताना पण असंच साळसूद तोंड होतं तुझं. अरे, पेशव्यांच्या दरबारात इंग्रजांचा वकील असायचा. तो काय कोर्टात केस लढायचा?”

तेव्हा माझी ट्यूब पेटली. आमच्या बार्शीत वकील म्हणजे काळा कोट, स्कूटर आणि कोर्टासमोरचा चहा. दुसरा वकील मी इतिहासाच्या तासाला झोपलो असताना येऊन गेला असणार.

मी नातीला हाक मारली. आजोबांचं काळं जाकीट चढवून आधी बार्शीचा वकील केला, हात उडवत, ‘ऑब्जेक्शन’ ओरडत. मग जाकीट काढलं, उशीचा अभ्रा डोक्याला गुंडाळला, गॅसच्या बिलाचा खलिता केला आणि सोफ्यावरच्या राजाला वाकून मुजरा केला. महाराज, आमच्यामागे इंग्रज लागलेत. सैन्य द्या, जहाजं द्या.

ती हसली. “ओह! ॲम्बॅसडर! व्हाय डिडन्ट यू से दॅट?”

मी अभ्रा काढला. “तेच म्हणाले आजोबा. मीच चुकवलं.”

तिने खुर्ची ओढली. पण आजोबांच्या कपाळावरची आठी जाईना.

“त्या विधवेचं काय सांगितलंस हिला?”

“जे तुम्ही सांगितलंत तेच.”

“तू गप्प. बाळा, तू सांग. मराठीत सांग. ह्याचा भरवसा नाही मला.”

तिने ओठ चावला, छताकडे बघितलं.

“तो… बाई झाला. खोटा बाई. आणि भावाला कळलाच नाही.”

“कळलंच नाही,” आजोबा म्हणाले. “हं. पुढे?”