कंपाउंडर केळुसकरांचा दुसरा खटला

अपील मंजूर झाल्याची तार आली, तशी नलिनीबाईंनी घाटकोपरच्या आपल्या चाळीत घराघरात पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी श्यामकांत केळुसकर तुरुंगातून परतले. दारात बायको नलिनीबाई भाकरतुकडा घेऊन उभ्या, आणि त्यांच्यामागे सगळी चाळ.

"सुटलंस मा रे?" शेजारचा लवू ओरडला. "पेढो झकास होतो!"

"सुटलो नाही रे," श्यामकांत उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले. "शिक्षा रद्द झाली, पण खटला पुन्हा चालणार. पहिल्यापासून. मी जामिनावर आलोय."

हशा तिथल्या तिथे विरला. नलिनीबाईंनी घाईघाईने भाकरतुकडा ओवाळला.

श्यामकांत म्हणजे खाणीजवळच्या दवाखान्यात सतरा वर्षं काम केलेला कंपाउंडर. गिऱ्हाईक घरून बाटली आणी, हा त्यात औषध भरी, खाचा कातरलेली कागदाची पट्टी बाटलीवर चिकटवून डोस दाखवी. चोळायच्या औषधाला लाल चिठ्ठी लावायची, हा नियम. पण खाणीत दगड फोडणाऱ्यांना चिठ्ठी कुठली वाचता येणार? म्हणून श्यामकांतांनी चिठ्ठीच्या जोडीला स्वतःच्या डोक्याने एक रीत काढली होती. चोळायच्या औषधाच्या बाटलीला गळ्याशी जाड दोरा, त्याला तीन गाठी. "बोटाला गाठी लागल्या की पोटात नाही घ्यायचं," हे ते एकूण एक माणसाला बजावत.

अन् गेल्या वर्षी, चोपन्न साली, धोंडू नावाचा म्हातारा खाणकामगार खोकल्याचं औषध समजून पाठीला चोळायचं औषध प्यायला आणि गेला. पोलिसांना बाटली मिळाली. तिच्यावर चिठ्ठी नव्हती; ती गळून पडली म्हणता आलं असतं, पण दोराही नव्हता. श्यामकांतांना सहा महिन्यांची शिक्षा झाली.

पहिल्या खटल्यात मॅजिस्ट्रेटने एवढंच विचारलं होतं, "काही सांगायचंय?" तेव्हाच्या वकिलाने गप्प राहायला शिकवलेलं, म्हणून श्यामकांत म्हणाले, "नाही." वरच्या कोर्टाने नेमकं तेच धरलं. दोरा-चिठ्ठी नव्हती या ज्या गोष्टीवर शिक्षा दिली, ती आरोपीला विचारलीच नाही, हे चालणार नाही. निकाल रद्द. पुन्हा चालवा. तोवर सहातले चार महिने भोगून झाले होते.

नवे वकील चंद्रप्रकाश जयकर. श्यामकांतांनी त्यांना गाठलं.

"साहेब, एका गुन्ह्याला दोनदा शिक्षा नाही, असं घटनेत लिहिलंय म्हणतात."

"लिहिलंय. तुम्ही निर्दोष सुटला असता, तर कुणी हात लावू शकलं नसतं. शिक्षा कायम राहिली असती, तरी नाही. पण तुमच्याच अपिलाने पहिला निकाल पुसला गेला, केळुसकर. कायद्याच्या लेखी अजून काही झालेलंच नाही."

"आणि माझे चार महिने?"

"म्हणून सांगतो, गुन्हा कबूल करा. बहुधा तेवढ्यावरच सोडतील. लढलात आणि हरलात, तर दोन वर्षांपर्यंत देता येते."

"कबूल कशाला? तुरुंगात भिंतींनासुद्धा सांगत होतो, मला कुणी विचारलंच नाही म्हणून. आता विचारणार आहेत ना? मग सांगतो की!"

घरी तालमी सुरू झाल्या. नलिनीबाई ट्रंकेवर बसून मॅजिस्ट्रेट होत. "आरोपी, दोरा बांधला होता का?"

"बांधला होता, साहेब."

"मोठ्याने! पुटपुटता काय चोरासारखे?"

"बांधला होता!"

वीस दिवस हे चाललं. वाक्य इतकं घोटून झालं की ते आपलं आपणच तोंडातून निघू लागलं. आणि एका दुपारी उत्तर देता देता श्यामकांत थबकले. डोळ्यांपुढे दोरा होता, गाठी होत्या, गाठी मारणारी बोटं होती. धोंडूची बाटली मात्र नव्हती. ती कशी होती, लांबट की चपटी, तेही आठवेना. त्या दिवशी दवाखान्यात तापाच्या साथीची ही गर्दी.

"नलू, मला आठवत नाही गं."

"काय आठवत नाही?"

"त्या दिवशी बांधला की नाही."

"सतरा वर्षं बांधताय ना? मग त्याच दिवशी कसा राहील? मुकाट्याने बांधला म्हणा. घर बुडवू नका!"

त्यानंतर श्यामकांत दोन्ही उत्तरं मनात घोळवत राहिले. बांधला होता म्हणावं, तर धोंडूच्या माणसांनी सोडला असं होतं. नव्हता म्हणावं, तर आपल्याच गळ्यात फास.

तारखेला पुन्हा तेच साक्षीदार झाले. मॅजिस्ट्रेट नवा होता. त्याने टाक उचलला आणि सरळच विचारलं, "धोंडूच्या बाटलीला तुम्ही दोरा बांधला होता?"

श्यामकांतांनी कठडा धरला. तोंडात तयार वाक्य होतं.

"प्रत्येक बाटलीला बांधतो, साहेब. त्या बाटलीचं आठवत नाही. बांधला नाही असं म्हणवत नाही, आणि बांधला अशी शपथही घेववत नाही."

जयकरांनी डोळे मिटले. मॅजिस्ट्रेटने मान वर करून पाहिलं. "पुन्हा सांगा. सावकाश." श्यामकांतांनी पुन्हा सांगितलं. शब्दन् शब्द लिहून होईपर्यंत ते उभे होते.

बाहेर नलिनीबाई चिंचेखाली बसल्या होत्या. मागच्या खेपेसही त्या आत आल्या नव्हत्या, लाजेने.

"काय म्हणालात?"

त्यांनी सांगितलं. बाईंनी पदर कमरेला खोचला.

"निकाल कधी?"

"सोमवारी."

"सोमवारी मी आत येईन," त्या म्हणाल्या. "पहिल्या बाकावर बसेन. चला आता."