बोंबलांवरचा तांदूळ आणि सहावीचा पेपर

कमळ दोन मार्कांनी नापास झाली, हे कळलं तेव्हा मी मोरा बंदराच्या धक्क्यावर जाळं सांधत होतो. सहावीतली माझी पोर. नापास झाली की शाळा बंद, असं मीच सांगून ठेवलेलं. ही गोष्ट नवी मुंबई वसायच्या आधीची. मी तांडेल, म्हणजे होडी माझ्या हुकमावर चालायची. शाळा माझी दोन यत्ता.

कुठे चुकलीस, विचारलं. पेपरात प्रश्न होता, वस्तूच्या बदली वस्तू देण्याची पद्धत कधी होती? पुस्तकात उत्तर, 'पूर्वी, पैसा नव्हता तेव्हा.' कमळने लिहिलं, 'आमच्या घरी चालू आहे.' गुरुजींनी शून्य दिलं.

आता आमचा धंदा सांगतो. पावसाळ्यात होडी वर ओढलेली, मासळी बंद. तेव्हा घर आणि माझे खलाशी जो भात खायचे, त्याचा तांदूळ माझी बायको हिरा आणायची. सुके बोंबील डोक्यावर घेऊन शेतीच्या गावांत जायची, बोंबील द्यायची, तांदूळ घ्यायची. मधे नोट यायचीच नाही. बोंबलांवरचा तांदूळ, म्हणायचो आम्ही त्याला.

मी तसाच शाळेत गेलो. गुरुजींना म्हटलं, परवा तुमच्या मंडळींनी पायलीभर तांदूळ देऊन आमच्याकडून बोंबील नेले. ते काय पूर्वी नेले?

गुरुजी हसले नाहीत. म्हणाले, "तांडेल, पोरीचं खरं आहे. पण पेपर शाळा तपासणारे साहेब बघतात. उद्या तिला तोंडी विचारतो. पुस्तकातलं बोलली तर पास."

घरी कमळ अडून बसली. खोटं बोलणार नाही म्हणाली. मी हात उगारला. हिराने मला बाजूला सारलं.

"उद्या शालंत पुस्तकाचं बोल," ती पोरीला म्हणाली. "घरात तांदूल कुठून येतो तं तुला ठावं हाय ना? मंग झालं."

कमळ बोलली. पास झाली. पुढे मास्तरीण झाली, आणि तोच धडा शिकवू लागली. एकदा मी विचारलं, पोरांना आपल्या घरचं सांगतेस का?

"बाबा, ती पद्धत आता कुठे राहिलीय?"

हिरा तिथेच ओट्यावर बसून बोंबलांवर आलेला तांदूळ पाखडत होती. तिने एकदा लेकीकडे बघितलं आणि पाखडत राहिली. मी उठून धक्क्यावर गेलो.

हिरा गेली, त्याला वर्ष झालं. त्या दिवशी ओट्यावर मी तरी लेकीला बोलायला हवं होतं. मार्कांसाठी पोरांना एकदा खोटं बोलायला लावलं, की पुढे त्यांना तेच खरं वाटतं. लावलं आम्हीच.